खाण तशी माती? : डार्विन आपण का वाचायचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगली शहरात शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी गेले ५७ फुटांवर. नदीकाठच्या ज्या विहारात आमचा अभ्यासवर्ग भरतो, तिथे मूर्तीच्या आसनापर्यंत पाणी आले होते. पूर ओसरल्यावर आम्ही चिखल उपसला, भिंती धुतल्या आणि भिजलेली पुस्तके गच्चीवर वाळत घातली. वस्तीतले एक आजोबा वर आले. चळवळीत आयुष्य गेलेला माणूस. बाबासाहेबांच्या खंडांची चिकटलेली पाने ते एकेक करून सोडवत बसले. मग त्यांच्या हाताला दुसरा ढीग लागला. नंदा खरे यांचे 'कहाणी मानवप्राण्याची', वासंती फडके यांनी मराठीत आणलेले 'सेपियन्स', डार्विनवरची दोन-तीन पुस्तके.

"हे कशाला ठेवलंय विहारात? माकडाचा माणूस झाला हे कळून आपल्या पोरांना नोकरी लागणार हाय का?"

तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता. ज्या वस्तीत पुराची मदत मिळवायला रांगा लावाव्या लागत होत्या, तिथे आम्ही लाखो वर्षांपूर्वीच्या कवट्यांची पुस्तके वाळवत होतो. हा लेख म्हणजे त्या आजोबांना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आम्ही म्हणजे सांगली आणि सातारा जिल्ह्यांत काम करणारे सात-आठ जण. कोणी समाजकार्यात, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, एक जण एसटीत वाहक, एक जण द्राक्षबागांत छाटणीची कामे घेणारा. हे लिहिणाऱ्या हाताने समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. जीवशास्त्राशी मात्र आमच्यापैकी बहुतेकांचा संबंध दहावीनंतर तुटला. तो का तुटला, तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

आमच्यातल्या एकाच्या शाळेत आनुवंशिकतेचा धडा चालू होता. गुरुजींनी मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढले. उंच रोप, बुटके रोप. मग खडू खाली ठेवला आणि मागच्या बाकांकडे बघत म्हणाले, "शेवटी काय, खाण तशी माती." वर्ग हसला. मागच्या बाकांवर कोण बसत होते, हे वाचकांना सांगायला नको. हा प्रसंग अभ्यासवर्गात निघाला तेव्हा प्रत्येकाकडे त्याची स्वतःची आवृत्ती तयार होती. कोणाला शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करताना ऐकवले होते, कोणाला राखीव जागेवर प्रवेश मिळाल्यावर. हुशारी रक्तात असावी लागते, एवढाच सगळ्यांचा मतितार्थ. म्हणजे विज्ञानाच्या तासाला आम्हांला मिळालेला पहिला धडा हा, की आमची अवस्था निसर्गानेच ठरवली आहे. जे मनुस्मृती कर्माच्या नावाने सांगते, ते गुरुजींनी वाटाण्याच्या नावाने सांगितले.

या म्हणीचे उत्तर आम्हांला कोणा प्राध्यापकाने दिले नाही, द्राक्षबागेत राबणाऱ्या सहकाऱ्याने दिले. थॉम्पसनच्या बागेत कधी कधी एखाद्या वेलीवर एखादी काडी निराळी निघते. मूळ तेच, खोड तेच, पाणी तेच. पण मण्याचा आकार वेगळा, साल वेगळी. जाणता शेतकरी तीच काडी बाजूला काढतो, तिची कलमे करतो आणि नवा वाण उभा राहतो. तास-ए-गणेश हा वाण असाच थॉम्पसनमधून निवडून काढलेला आहे. त्याच्या नावातला 'तास' हा तासगावचा. "एकाच खाणीतून निराळी माती निघते म्हणून तर बागायतदार श्रीमंत झाला," असे आमचा सहकारी म्हणाला. गुरुजींची म्हण तिथेच मोडली.

पुढे वाचताना लक्षात आले की डार्विनही इथूनच सुरुवात करतो. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचे पहिले प्रकरण दूरच्या बेटांवरच्या प्राण्यांबद्दल नाही. ते पाळीव प्राण्यांबद्दल आणि पिकांबद्दल आहे. तो कबुतरे पाळणाऱ्यांच्या मंडळांत जाऊन बसला, त्यांना प्रश्न विचारले, स्वतः कबुतरे पाळली. आमच्याकडे हे शोधायला लंडनला जायला नको. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी बघा. तिचे ते बाकदार, फुगीर नाक आकाशातून पडलेले नाही. धनगरांनी पिढ्यान् पिढ्या नाक बघून मेंढा निवडला, म्हणून ते तसे झाले. माणदेशातल्या खिल्लार बैलाची शिंगे आणि चाल यांचेही तेच.

डार्विनचे पुढचे पाऊल असे की निवडणारा धनगर नसला तरी निवड होते. कोणत्याही प्राण्याची सगळी पिल्ले सारखी नसतात. जगू शकतील त्यापेक्षा जास्त जन्माला येतात. त्या वेळच्या हवेला, अन्नाला, शत्रूला ज्यांचे वेगळेपण उपयोगी पडते, त्यांची पिल्ले जास्त मागे राहतात. हे हजारो, लाखो पिढ्या चालले की जीवाचे रूपच पालटते. यात कोणी योजना आखणारा नाही, कोणी कर्ता नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्या माणसाला हा विचार परका वाटत नाही. सृष्टी ईश्वराने निर्माण केली हे बुद्धाने नाकारले, आणि जे आहे ते कारणांतून घडते व कारणे बदलली की बदलते, असे सांगितले. पण इथे एक मोह टाळला पाहिजे. 'बुद्धाला उत्क्रांती आधीच माहीत होती' असे म्हणायला आपली जीभ शिवशिवते. ते म्हणू नये. बुद्धाने दुःखाचा शोध घेतला, डार्विनने जीवांच्या विविधतेचा. सगळे विज्ञान आपल्याच पोथीत होते असे म्हणणारे दुसरे लोक आहेत. त्यांच्या पंगतीला आपण बसायचे कारण नाही.

त्या दुसऱ्या लोकांशी आमची गाठ साताऱ्यात पडली. एका व्याख्यानात वक्ते सांगत होते की डार्विनच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडे दशावतार होते. आधी मत्स्य, म्हणजे पाण्यातला जीव. मग कूर्म, पाण्यात आणि जमिनीवर राहणारा. मग वराह, नरसिंह, बुटका वामन, परशुराम, राम, कृष्ण. टाळ्या पडल्या. हा मजकूर तुमच्याही मोबाइलवर आला असेल.

आम्ही त्या रात्री अभ्यासवर्गात हा विषय घेतला. उत्क्रांती हा जिना नाही, ते फांद्या फुटत गेलेले झाड आहे. मासा कासव होण्यासाठी जगला नाही आणि कासव डुक्कर होण्याच्या वाटेवर नाही. मासे आजही मासे म्हणून मजेत आहेत. अवतार वरून खाली उतरतो, स्वतःच्या इच्छेने आणि हेतूने. उत्क्रांतीत वर कोणी नाही, हेतूही नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या पूर्ण उलट आहेत. आमच्यातल्या बारावीच्या मुलीने मग विचारले, "वामन जर अर्धवट विकसित माणूस असेल, तर त्याच्यासमोर उभा असलेला बळीराजा कोण होता? तो तर पूर्ण माणूस होता. मग कमी विकसित प्राण्याने जास्त विकसित राजाला पाताळात घातले का?" सगळे पोट धरून हसले. पण त्या हसण्यात आमचा सगळा इतिहास होता. बळीचे राज्य यावे म्हणून ज्यांच्या आया-आज्या दिवाळीत ओवाळतात, त्यांच्या मुलांना बळीला पायाखाली घालणारा हा प्रगतीचा टप्पा म्हणून शिकवला जातो. आणि या जिन्यावर नववी पायरी म्हणून बुद्धाला बसवतात. बुद्ध विष्णूचा अवतार नाही ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात आपल्याकडून का म्हणवून घेतली, हे दशावताराचे 'विज्ञान' ऐकल्यावर नीट कळते.

हे काम जोतीरावांनी आधीच केले होते. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. 'गुलामगिरी' १८७३ सालची. तिच्यात जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून मत्स्यापासून एकेका अवताराची झडती आहे. माणूस आणि मासा यांचे खाणे, झोपणे, पिल्लांना जन्म देणे किती वेगळे, मग माशाच्या पोटी माणूस कसा, असे साधे प्रश्न. प्राण्याकडे प्राणी म्हणून बघायचे, पोथीतून बघायचे नाही, ही निसर्गविज्ञानाची पहिली पायरी जोतीरावांना पक्की ठाऊक होती. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७१ साली, डार्विनचा माणसाच्या वंशावरचा ग्रंथ आला होता. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण जन्माने श्रेष्ठ ठरलेल्यांच्या पायाखालची जमीन दोघेही काढून घेत होते.

आता कोणी म्हणेल, हे जुने वाद आहेत. नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादेत, म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, आणि हे अभ्यासक्रमातून बदलले पाहिजे. देशातल्या विज्ञान अकादमींना निषेधाचे पत्रक काढावे लागले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हे प्रकरण नुसते 'आनुवंशिकता' उरले. २०२३ साली १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. नीट बघा, काय काढले आणि काय ठेवले. गुण आईबापांकडून मुलांकडे येतात, हे ठेवले. ते बदलत जातात आणि सगळ्यांचा पूर्वज एक आहे, हे काढले. खाण ठेवली, मातीचे बदलणे काढले. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. तो आपल्या वस्त्यांत नीट शिकवला जातो का, हे विचारायला आपण कधी शाळेत गेलो आहोत का?

डार्विनच्या चरित्रातला एक माणूस आमच्या वर्गात सगळ्यांना आवडतो. त्याचे नाव जॉन एडमनस्टन. दक्षिण अमेरिकेतल्या गयानामध्ये गुलाम म्हणून राबलेला आणि पुढे मुक्त झालेला हा कृष्णवर्णीय माणूस एडिनबरोत राहत होता. पक्ष्यांची कातडी सोलून, त्यांत भुसा भरून ते टिकवायची कला त्याच्याकडे होती. वैद्यकीच्या अभ्यासाला कंटाळलेल्या तरुण डार्विनने फी देऊन ती कला त्याच्याकडून शिकून घेतली. बीगल जहाजाच्या १८३१ ते १८३६ या सफरीत डार्विनने जे पक्षी टिकवून आणले, त्यामागे या शिकवणीचे हात होते.

हे वाचल्यावर आमच्यातला एक जण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या पणजोबांना मेलेल्या बैलाचा सांधा न् सांधा माहीत होता. कातडं कुठं पातळ, कुठं जाड, शीर कुठून जाते, सगळं." एडमनस्टनच्या ज्ञानाला फी मिळाली, पणजोबांच्या ज्ञानाला विटाळ म्हटले गेले. ज्यांनी प्राण्याचे शरीर आतून पाहिले त्यांना अक्षर बंद, आणि ज्यांच्या हाती अक्षर त्यांना त्या शरीराला हात लावायची बंदी. मग या देशात शरीरशास्त्र वाढणार कसे? ते काम सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले आणि आपल्या लोकांनी ते सोडले, हे योग्यच झाले. त्या कामात सन्मान नव्हता, सक्ती होती. पण सोडले ते ओझे होते, डोके नव्हे. शरीराकडे न बिचकता बघण्याची ती नजर आज आपल्या मुलींनी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेली पाहिजे.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्यापाशी आमचा अभ्यासवर्ग सर्वांत जास्त रेंगाळला. मराठी माध्यमात सजीवांचे वर्गीकरण शिकलेल्यांना आठवत असेल: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शेवटची पायरी 'जाती'. वाघ ही एक जाती, बिबट्या दुसरी. ज्यांचा आपसांत निसर्गतः संकर होतो आणि पुढे वंश चालतो ती एक जाती, अशी साधारण व्याख्या. या व्याख्येने पाहिले तर पृथ्वीवरची सगळी माणसे एकच जाती आहेत. मग गावात ज्या जाती आहेत त्या काय आहेत?

हा प्रश्न बाबासाहेबांनी 'जातिसंहारा'त, १९३६ साली, याच शास्त्रीय भाषेत घेतला आहे. जातिव्यवस्था रक्तशुद्धीसाठी आहे असे म्हणणाऱ्यांना ते सांगतात की वंशशुद्धी मानणारे शास्त्रज्ञसुद्धा निरनिराळ्या वंशांना वेगळी जीवजाती म्हणत नाहीत; त्यांचा संबंध होतो आणि त्यांची संतती वांझ नसते. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया एकाच वंशाचे. मग एकमेकांशी लग्न करू न देण्याला शास्त्राचा आधार कुठला? त्याच्याही वीस वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी सांगितले होते की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. वाघ-बिबट्यांमधली भिंत निसर्गाची. माणसांमधली भिंत माणसांनी लग्नाचे दार लावून बांधलेली. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत वर्गात वेगळे बसवले, त्याने हे लिहिले. त्याला दुसऱ्या जीवजातीसारखे वागवले गेले होते.

आता विज्ञान इथे काय सांगते? हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्डचे संशोधक यांनी २०१३ साली भारतातल्या सत्तरहून अधिक समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे दूरदूरच्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली. आज ज्यांना वरचे, खालचे किंवा आदिवासी म्हणतो त्या सगळ्यांत ती आहे. त्यानंतर सरमिसळ थांबत गेली आणि आपापल्यातच लग्ने सुरू झाली. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातली आपली बौद्ध लेणी साधारण त्या सरमिसळीच्या अखेरच्या शतकांच्या आसपासची आहेत. म्हणजे ती कोरणारे, त्यांना दान देणारे, तिथे धम्म ऐकणारे लोक आज जशा जाती आहेत तशा कप्प्यांत अजून पुरते बंद झालेले नव्हते. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेने २०१६ साली सांगितले की सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, गुप्तकाळाच्या सुमारास, वरच्या जातींत ही दारे घट्ट लागली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या सुमारास ठेवला आहे. जातीअंतर्गत विवाह आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी एक नाहीत, म्हणून एकीवरून दुसरी सिद्ध झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण या व्यवस्थेला जन्मतारीख आहे, ती सनातन नाही, हे दोन्हींकडून कळते.

इथपर्यंत वाचून ज्यांनी माना डोलावल्या, त्यांना पुढचे कदाचित रुचणार नाही. ते लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आपल्या गटांतही एक मजकूर फिरतो. अमुक लोकांचा डीएनए विदेशी, इतके टक्के. आपण तेवढे मूलनिवासी. हे अमेरिकन शास्त्रज्ञाने सिद्ध केले. त्याचा आधार म्हणून मायकेल बामशाद यांचा २००१ सालचा निबंध सांगतात. त्या निबंधातले नमुने आंध्र प्रदेशातले होते. उच्च जातींत पश्चिमेकडच्या लोकांशी साम्य तुलनेने जास्त दिसते, असे त्यात आहे, आणि नंतरच्या अभ्यासांतही प्रमाणाचा असा फरक दिसतो. पण फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. एक शुद्ध विदेशी आणि एक शुद्ध देशी असे कोणीही त्यात सापडत नाही. मुळात सगळ्याच माणसांचे पूर्वज आफ्रिकेतून निघालेले. 'मूळ'च शोधायचे तर तिथेच जावे लागेल.

हे आम्ही एका बैठकीत मांडले तेव्हा वातावरण तापले. तुम्ही कोणाची बाजू घेता, असे विचारले गेले. दोन जुने सहकारी उठून गेले. त्यातल्या एकाशी अजून बोलणे नाही. आमचे म्हणणे एवढेच होते की बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त तपासून नाकारला, आणि १९४८ साली नाकाची मापे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही असे दाखवले. जोतीरावांनी आर्य-अनार्यांची मांडणी त्यांच्या काळच्या ज्ञानावर केली होती. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी ती पुढच्या ज्ञानावर तपासली. गुरूला मानायचे आणि तपासायचेही, ही आपली परंपरा आहे. हरारीलाही आम्ही असेच वाचतो. तो जातीची गोष्ट आर्यांच्या आक्रमणापासून सुरू करतो, तेव्हा समासात बाबासाहेबांच्या १९४६ च्या ग्रंथाचे नाव लिहायला आम्ही विसरत नाही. ब्राह्मण्याशी आपले भांडण आहे ते त्याच्या व्यवस्थेशी, वागण्याशी, मक्तेदारीशी. ते रक्ताशी आहे असे म्हटले की आपणही 'खाण तशी माती' म्हणू लागलो.

आणि रक्ताच्या भाषेची किंमत कोण मोजते? आमच्या ओळखीतल्या एका बौद्ध मुलीला मातंग समाजातल्या मुलाशी लग्न करायचे होते. दोघे शिकलेले, दोघे चळवळीतले. मुलीचे वडील रोज मूलनिवासी एकतेचे संदेश पाठवणारे. त्यांनी नकार दिला. "आपल्यात बसत नाही," म्हणाले. आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. सगळे बहुजन एका डीएनएचे असतील तर अडचण काय, असे विचारले. उत्तर आले नाही. चहा मात्र आला.

परत येताना आम्हांला आमचीच लाज वाटली. अभ्यासवर्गातल्या विवाहित लोकांची मोजदाद केली. एक सोडून सगळ्यांची लग्ने आपल्याच समाजात, त्यातही बहुतेक पोटजात बघून झालेली. आम्ही कुठल्या तोंडाने त्या घरी गेलो होतो? गच्चीवर पुस्तके वाळवणारे आजोबा हे ऐकत होते. ते म्हणाले, "बाबासाहेबांचं आम्ही ताटापर्यंत आणलं. सोयरिकीपर्यंत न्यायचं राहिलं. ते तुमच्याच्यानं होतंय का बघा." त्या दोघांनी विशेष विवाह कायद्याने ३० दिवसांची नोटीस दिली आणि लग्न केले. साक्षीदारांत आजोबांची सही आहे. वडील आले नाहीत. अजून बोलत नाहीत.

एक शंका मात्र नेहमी येते. डार्विन मानला तर 'बळी तो कान पिळी' हेही मानावे लागेल ना? जो टिकतो तोच लायक, मग जे मागे पडले ते नालायक? एकदा दोन्ही जिल्ह्यांतली मुले घेऊन आम्ही सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलो होतो. २०१२ साली जागतिक वारशात गेलेले ते पठार फुलांसाठी प्रसिद्ध. खाली जांभा दगड, वर मातीचा पातळ थर, त्यात नत्र कमी. तिथे दवबिंदू नावाचे इवलेसे रोप आहे. पानांवरच्या केसांना चिकट थेंब, त्यांवर कीटक बसला की अडकतो आणि रोप त्याला पचवते. मातीत जे मिळत नाही ते असे मिळवते. एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे आपण पण गरिबीत असंच चिवट व्हायचं का?"

नाही. रोपाला माती बदलता येत नाही, माणसाला येते. निसर्गात काय घडते हे डार्विन सांगतो. समाजात काय घडावे हे तो सांगत नाही. 'सर्वांत लायक तेच टिकतात' हे शब्दही मुळात त्याचे नव्हेत, हर्बर्ट स्पेन्सरचे. त्याने ते मागाहून घेतले. आणि या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नेमके दिले आहे. विषमता हाच नियम ठेवला तर जो जगण्याच्या झगड्याला लायक तो टिकेल. पण जो टिकतो तो समाजासाठी सर्वोत्तम असतोच असे नाही. समाजाला गरज सर्वोत्तमाची आहे, नुसत्या लायकाची नव्हे. म्हणून धम्म समतेचा आग्रह धरतो. उत्क्रांती वाचून जो इथपर्यंत आला नाही, त्याच्या हाती गुरुजींचा खडूच आला असे समजावे.

तर आजोबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. माकडाचा माणूस झाला, असे ती पुस्तके सांगतच नाहीत. माकडांचे आणि आपले पूर्वज एक, एवढेच सांगतात. ते कळून नोकरी लागणार नाही. पण मुलाखतीला गेलेल्या पोराने मान खाली घालू नये, 'हुशारी रक्तात असते' असे कोणी म्हटले तर पोरीने तिथल्या तिथे उत्तर द्यावे, आणि उद्या आपल्याच घरात सोयरिकीचा प्रश्न आला तर आपण रक्ताच्या मागे लपू नये, यासाठी ती पुस्तके विहारात हवीत.

७ नोव्हेंबरला, भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. यंदा हार-भाषणांबरोबर एवढे करा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा तो पहिला धडा वस्तीतल्या मुलांबरोबर मोठ्याने वाचा. न समजलेले लिहून ठेवा, शिक्षकांकडे जा, विचारा. पुरात भिजलेली आमची पुस्तके फुगली आहेत, त्यांची पाने पिवळी पडली आहेत, पण वाचता येतात. ज्यांना हवी असतील त्यांनी विहारात यावे.

जय भीम.